छत्तिसावा दिवस

पुण्याहून ठाण्याकडे जाणारी एसटी पनवेलला थांबते. समजा, तिच्यातून एक माणूस उतरतो आहे. वय चाळिशीचं, दाढी नीट केलेली, चेहऱ्यावर थोडं तेज आलेलं, हातात कपड्यांची पिशवी. पस्तीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो घरी निघाला आहे. अंगातली दारू केव्हाच उतरली आहे, हातांची थरथर थांबली आहे, सकाळी भूक लागू लागली आहे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आहेत. स्टँडपासून घर फार तर दीड किलोमीटर. पण या दीड किलोमीटरात त्याला नावानं ओळखणारं देशीचं दुकान आहे, परमिट रूम आहे, उधारी लिहून ठेवणारा टपरीवाला आहे आणि 'काय रे, होतास कुठं इतके दिवस?' असं अगदी प्रेमानं विचारणारे दोन दोस्तही आहेत.

हा त्याचा छत्तिसावा दिवस. व्यसनमुक्तीबद्दल आपण जे बोलतो ते बहुतेक पहिल्या पस्तीस दिवसांबद्दल असतं: कुठलं केंद्र चांगलं, खर्च किती, कोणतं औषध देतात. छत्तिसाव्या दिवसापासून पुढची दोन-तीन वर्षं त्या माणसाजवळ कोण असणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला या लेखात त्या सोबत्याबद्दल लिहायचं आहे. असा सोबती सहसा स्वतः त्याच वाटेवरून परत आलेला असतो. त्याचं काम नुसत्या चांगुलपणावर चालत नाही, त्यातही शिकण्यासारखं कसब आहे.

महाराष्ट्रात या कामाची सर्वांत ओळखीची जागा पुण्याचं मुक्तांगण. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात पसरली. 'गर्द' हा शब्द घरोघरी पोचला आणि 'गर्दुल्ला' ही शिवी झाली. ओळखीच्या घरातला मुलगा या नशेत अडकलेला पाहून डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजे अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. १९९७ मध्ये सुनंदाताई कर्करोगानं गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची धुरा घेतली.

केंद्राची ही गोष्ट अनेकांना माहीत आहे. तिच्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र कमी सांगितला जातो. सुनंदाताईंनी बरे झालेल्या रुग्णांनाच केंद्राच्या कामाला लावलं. कालपर्यंत ज्याला कुणी घरात उभं करत नव्हतं, त्याच्या हातात वॉर्डची व्यवस्था दिली, नव्या रुग्णाशी बोलायची जबाबदारी दिली. रुग्णाला तिथे 'मित्र' म्हणतात. सुनंदाताई सगळ्यांच्या 'मोठ्या मॅडम' होत्या आणि अवचट 'बाबा'. हे शब्द नुसत्या जिव्हाळ्यापोटी आलेले नाहीत. व्यसनी माणसाच्या वाट्याला घरात आणि बाहेर एकच नातं उरलेलं असतं, ते आरोपीचं. त्याला नव्यानं कुणाचा तरी मित्र व्हावं लागतं, कुणाच्या तरी उपयोगी पडावं लागतं. मुक्तांगणातले अनेक समुपदेशक आणि कार्यकर्ते याच वाटेनं आले. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. तेही स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले होते.

या पद्धतीचं मूळ शोधत गेलं, तर आपण अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी पोचतो. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी तिथे गेला होता. सौदा फसला. दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते. हॉटेलात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं टेलिफोन निवडला आणि गावातल्या चर्चना फोन करून विचारलं, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? अशा तऱ्हेनं त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं, बोलणं काही तास चाललं. बिलनं त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची हकीकत सांगितली. १० जून १९३५ ला डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, आपला जन्म त्या दिवसापासून मोजते.

बिलला त्या संध्याकाळी कुणाचा मद्यपाश सोडवायचा नव्हता, त्याला स्वतःला वाचायचं होतं. मदत करणाराही मदतीमुळेच टिकतो, ही या कामाची गुरुकिल्ली आहे. एएची सभा साधी असते. एखाद्या शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली, वीस-पंचवीस खुर्च्या, चहा. माणूस फक्त पहिलं नाव सांगतो आणि 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो. फी नाही, नोंदवही नाही. घसरलेला माणूस पुन्हा आला, तर त्याला खुर्ची मिळते. अमली पदार्थांसाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन अशा याच घरातल्या संघटना आहेत.

'गप्पा मारून कुठं दारू सुटते का?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अभ्यासातून मिळालेलं आहे. २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला एएशी नीट जोडून देण्याची शिस्तबद्ध पद्धत वापरली, तर सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ती इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातला पुरावाही भक्कम आहे. 'संगथ' या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. समुपदेशक मानसतज्ज्ञ नव्हते. साधी, त्या भागातली माणसं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. 'लान्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. दहा टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो. पण तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही, एवढं तो स्पष्ट सांगतो.

तज्ज्ञ मिळत नाहीत ही गोष्ट खरीच आहे. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांचं पिणं मदत लागेल इतकं हाताबाहेर गेलेलं आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. म्हणजे पनवेलच्या स्टँडवर उतरलेला आपला माणूस नशीबवानांतला आहे. बाकीचे १७९ कुठल्याच एसटीत बसलेले नाहीत.

आता पनवेलकडे वळतो. १८५२ पासून नगरपालिका असलेलं हे जुनं गाव १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झालं, रायगड जिल्ह्यातली पहिली. मुंबई-पुणे, गोवा आणि जेएनपीटीकडचे रस्ते इथे एकमेकांना भेटतात. कळंबोलीत लोखंडबाजार आणि ट्रकच्या रांगा, तळोज्यात एमआयडीसी, कामोठे-खारघरला वसाहती आणि कॉलेजं, आणि या सगळ्यांच्या मधे आगरी-कोळी-कराडी गावठाणं. सिडकोसाठी सत्तरच्या दशकापासून जमिनी गेल्या. शेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी हे रोजचे उद्योग आटले. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पैसा हंगामानं यायचा, त्या घरात तो एकरकमी आला आणि हाताला काम राहिलं नाही. दारूचं खापर मी एका कारणावर फोडणार नाही. पण रिकामा वेळ, हातात पैसा आणि संध्याकाळी जायला दुसरी जागा नसणं ही व्यसनाची सुपीक जमीन आहे, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

माध्यमांना मात्र इथल्या फार्महाउसवरच्या पार्ट्या दिसतात. त्या होतात, तिथे एमडी सापडतं, बातमी होते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पण पनवेल तालुक्यातली बहुसंख्य घरं क्वार्टरनं आणि तंबाखूनं पोखरली आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर काढणारे एकूण प्रौढांत फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा मामला मळलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही टपरीवर मिळणाऱ्या गुटख्याचा. खारघरच्या रहिवाशांनी ग्रामपंचायतीच्या काळापासून आपल्या वसाहतीत दारूची दुकानं नकोत असा आग्रह धरला आहे. तो लढा मोलाचा आहे, कारण दुकान घरापासून लांब असणं हीही एक मदतच असते. तरी आपला माणूस लांबच्या दुकानापर्यंत चालत जाऊ शकतो. त्याला थांबवेल ते दुसरं कुणीतरी.

इथे मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. परस्परांच्या आधारानं व्यसन सोडणं आपल्याकडे अमेरिकेतून आलं, असं समजायचं कारण नाही. रायगडात कुठल्याही गावात जा, 'मी बैठकीला लागलो आणि दारू सुटली' असं सांगणारा माणूस भेटेल. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेली श्रीसमर्थ बैठक म्हणजे दासबोधाचं निरूपण. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. वारकरी संप्रदायात माळ घालणं हेही तसंच. माळ घातलेल्या माणसाला गावच दारूचा ग्लास पुढे करत नाही, नकार देण्याचं ओझं त्याच्या एकट्याच्या मानेवर राहत नाही. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून पाहिलं, तरी इथे चार गोष्टी घडतात. संध्याकाळ भरते. मित्र बदलतात. तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येतं. आणि तुमची नवी ओळख तयार होते. एएच्या सभेतही नेमकं हेच घडतं.

एक फरक मात्र मला सलतो. माळ काढून ठेवावी लागलेला माणूस लाजेनं परत येत नाही. घसरण म्हणजे पाप, असं मनात बसलेलं असतं. बैठकीतल्या, वारीतल्या जाणत्या माणसांनी घसरलेल्याला 'ये, बस' म्हणायला सुरुवात केली, तर रायगडात कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा मोठं काम उभं राहील, असं मला मनापासून वाटतं.

घसरणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सोबत्याचं निम्मं काम तिथेच असतं. व्यसनानं मेंदूत एक वाट पाडलेली असते. दारू, गर्द, निकोटिन यांनी डोपामिनचा जो लोट येतो, त्यात मेंदू फक्त सुख लक्षात ठेवत नाही, तो त्या वेळचं सगळं दृश्य लक्षात ठेवतो: ग्लासाचा आवाज, अंडा-भुर्जीच्या गाडीचा वास, पगाराचा मेसेज, शनिवारची संध्याकाळ. पस्तीस दिवसांत शरीरातली दारू जाते, पण ही दृश्यं पुसली जात नाहीत. म्हणून स्टँडवरून घरी जाताना, काहीही वाईट घडलेलं नसताना, तोंडाला पाणी सुटतं आणि छाती धडधडते. यालाच तलफ म्हणतात. तिचा चारित्र्याशी संबंध नाही. ॲलन मार्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तिला लाटेची उपमा दिली. ती चढते, माथ्यावर येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. सोबत्याचा फोन असतो तो या अर्ध्या तासासाठी.

मार्लेटनं पुन्हा पिऊ लागलेल्या माणसांच्या हकीकती जमवल्या, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश वेळा मूळ तीनच ठिकाणी सापडलं: मनाची वाईट अवस्था, कुणाशी तरी भांडण आणि मित्रांचा आग्रह. पनवेलमध्ये या आग्रहाचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवता येतील. गटारी, शिमगा, ३१ डिसेंबर आणि लग्नसराईतली हळद. आगरी-कोळी घरातली हळद रात्रभर चालते आणि तिथे बाटली हा मानपानाचा भाग होऊन बसला आहे. हळदीत दारू नको, असा आग्रह आता समाजातूनच धरला जातो, ही फार चांगली गोष्ट आहे. पण ती पूर्ण बंद होईपर्यंत आपल्या माणसानं काय करायचं? 'हळदीला जाऊच नको' हा सल्ला देणाऱ्याला भावकी म्हणजे काय ते कळत नाही. अनुभवी सोबती वेगळं सांगतो. दुपारीच जा, हळद लाव, जेव, पाहुण्यांना भेट आणि दिवेलागणीला निघ. जाताना बायको किंवा मुलगी बरोबर असू दे. हातात सतत सरबताचा ग्लास ठेव, रिकाम्या हातात लोक ग्लास देतात. निघालास की मला फोन कर. मी जागा आहे.

या सूचना पुस्तकात सापडतीलच असं नाही. त्या सांगायला तशी एखादी हळद स्वतः पार केलेली असावी लागते.

तरीही माणूस घसरतो. व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरलं जातं. रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषध-पथ्य सोडतात आणि आजार उलटतो, त्याच्याच आसपास हे आहे. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही. मार्लेटनं आणखी एक बारीक गोष्ट दाखवून दिली. पहिल्या घोटापेक्षा त्यानंतर मनात येणारा विचार जास्त घातक असतो: 'गेलं सगळं पाण्यात, आता काय उरलं?' या विचारापोटी एका पेगचे आठ दिवस होतात. म्हणून सोबती घसरणीनंतर पहिला प्रश्न 'का प्यायलास?' असा विचारत नाही. तो विचारतो, 'कधी थांबलास? जेवलास का? मी येतो.'

सोबत्याला काय करायचं नसतं, हे शिकायला जास्त वेळ लागतो. उसने पैसे द्यायचे नाहीत. नवरा-बायकोच्या भांडणात पंच व्हायचं नाही. गोळ्यांचा डोस सांगायचा नाही. 'मी तर इच्छाशक्तीवर सोडली' असं म्हणत दुसऱ्याची औषधं बंद करायला लावायची नाहीत. आणि एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं कुणाच्या तरी शपथेपोटी एकदम बंद केली, तर जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, माणूस ओळख विसरतो, घामानं निथळतो, ताप चढतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं आणि ते देवऋष्याकडे नेतात. त्या माणसाला तातडीनं हॉस्पिटलात न्यायला हवं. तिथे गुंगीची औषधं मोजून देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात आणि जीव वाचतो. गर्दाचं वेगळं आहे. त्याची 'टर्की' (बंद केल्यावरचा त्रास) भयंकर वेदनेची, पण धडधाकट माणसाचा जीव ती सहसा घेत नाही. धोका नंतर असतो. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि पूर्वीइतकाच माल घेतला तर श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक.

घरच्यांच्या हताशेचा गैरफायदा घेणारेही आहेत. रात्री गाडी आणायची, चौघांनी माणसाला उचलून न्यायचं, तिथे मारहाण, डांबून ठेवणं. याला उपचार म्हणत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार स्पष्टपणे मोडतात. मानसिक आजाराचे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे आणि साखळीनं बांधणं हा कायद्याचा भंग आहे. सोबत्यानं नातेवाइकांना पैसे भरण्याआधी हे सांगायला हवं: नोंदणी दाखवा म्हणा, मनोविकारतज्ज्ञ कोण ते विचारा, भेटायची परवानगी आहे का ते विचारा. अमली पदार्थ घेणं गुन्हा आहे खरा, पण व्यसनी माणूस स्वेच्छेनं मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून त्याला संरक्षण देणारी तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये आहे. पोलिसांच्या भीतीनं मुलाला लपवून ठेवणाऱ्या आईला ही एक ओळ कळली पाहिजे.

आता शाळा-कॉलेजांतल्या व्यसनविरोधी शिक्षणाबद्दल. इथे आपण फार चुकत आलो आहोत, आणि चांगल्या हेतूनं चुकतो म्हणून चूक दिसत नाही. २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला की सभागृहात मुलं बसवायची, काळ्या पडलेल्या फुप्फुसांची आणि सडलेल्या जबड्यांची चित्रं दाखवायची, मग व्यसनातून बाहेर आलेल्या एखाद्याला व्यासपीठावर बोलावून त्याची कहाणी ऐकवायची, शेवटी शपथ. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं २०१३ मध्ये काढली, २०१८ मध्ये सुधारली. भीती दाखवणं, नुसती माहिती देणं आणि माजी व्यसनींच्या कहाण्या ऐकवणं यांचा शाळकरी मुलांवर उपयोग दिसत नाही, कधी उलटा परिणाम होतो, असं त्यांत नमूद आहे. चौदा वर्षांचा मुलगा त्या कहाणीतून काय उचलतो? की इतकं सगळं करूनही माणूस शेवटी टाळ्या घेत उभा आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला, पोलिसांनी वर्गात जाऊन शिकवण्याचा डेअर हा प्रचंड कार्यक्रमही अभ्यासांत निष्प्रभ ठरला.

म्हणजे जी कहाणी प्रौढ व्यसनी माणसाला जीवदान देते, तीच आठवीच्या वर्गात निरुपयोगी ठरते. ही गोष्ट पचायला मलाही वेळ लागला. वर्गात चालतं ते वेगळंच: थोड्या मुलांचा गट, महिनोन् महिने चालणारे तास, 'नाही' म्हणण्याचा प्रत्यक्ष सराव, राग आणि अपयश हाताळायची सवय, आणि 'सगळेच घेतात' हा समज खोडणं, कारण सगळे घेत नसतात. राज्यात बीअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं ही कायद्यातली वयोमर्यादा आहे, हेसुद्धा बारावीच्या कितीशा मुलांना ठाऊक असतं? केंद्र सरकारच्या योजनेत समवयस्क मुलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत वस्तीत काम करण्याची सोय आहे. ती वापरायला हवी, विशेषतः रेल्वे स्टेशनच्या आणि महामार्गाच्या आसपास राहणाऱ्या, शाळा सुटलेल्या मुलांसाठी. पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हाइटनर ही त्यांची पहिली नशा असते. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण देशात मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त आहे: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के.

बायकांबद्दल दोन प्रकारे बोलायला हवं. एम्सच्या पाहणीत २७.३ टक्के पुरुष दारू पितात, स्त्रिया १.६ टक्के. म्हणून केंद्रं पुरुषांची, सभा पुरुषांच्या आणि सोबतीही पुरुषच. पिणारी स्त्री दुहेरी लपते. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो म्हणूनच महत्त्वाचा. दुसरी बाजू पिणाऱ्याच्या बायकोची. तिच्यासाठी तिथे 'सहचरी' गट आहे. नवरा व्यसनातून सुटण्याची वाट पाहत तिनं स्वतःचं आयुष्य थांबवू नये, हे तिला सांगायला दुसरी सहचरीच लागते. शेजारीण सांगू शकत नाही, सासू तर नाहीच.

शेवटी पैशांचं. सोबत्याचं काम आपण सेवा म्हणून गौरवतो आणि तिथेच सोडून देतो. व्यसनात नोकरी गेलेला, कर्ज झालेला माणूस रात्री-अपरात्री इतरांचे फोन घेतो आणि सकाळी त्याच्या घरात दूध आणायला पैसे नसतात. थकलेला, चिडलेला, एकटा सोबती स्वतः घसरायच्या रांगेत पहिला असतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार घंटा तो इतरांना शिकवतो, त्याच्यासाठी त्या कुणी वाजवायच्या? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यानं १९९९ मध्ये मानसिक आजारातून सावरलेल्या सोबत्यांच्या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे आशाताई ही पदवीशिवायची, पण प्रशिक्षित आणि मानधन घेणारी आरोग्य कार्यकर्ती उभी राहिली आणि तिच्यावाचून आज एकही गाव चालत नाही. पनवेल महापालिकेनं प्रत्येक प्रभागात निदान दोन प्रशिक्षित सोबती मानधनावर नेमावेत, त्यांच्यावर एका समुपदेशकाची देखरेख असावी आणि संध्याकाळी सातनंतर पालिकेच्या शाळेतला एक वर्ग सभांसाठी उघडा ठेवावा. याला इमारत लागत नाही. वर्ग आहेत, खुर्च्या आहेत, आणि सावरलेली माणसं तर आपल्या गल्ल्यांत आहेतच.

तोवर वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात किंवा शेजारी कुणी अडकलेलं असेल, तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत, लिहून ठेवा. आणि तुमच्या आळीत कुणी केंद्रातून नुकतं परत आलं असेल, तर येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता त्याला चहाला बोलवा. विषय काढू नका. नऊपर्यंत बसवून ठेवा.